कपिला मुळात गाढव होती

इंग्लंडहून परतल्यावर गावात माझी तीन व्याख्यानं झाली. एक वाचनालयात, एक कॉलेजात आणि एक बागेतल्या पेन्शनर मंडळींपुढे. तिन्ही ठिकाणी मी तिथल्या हिरवळीबद्दल, रांगेच्या शिस्तीबद्दल आणि चहात दूध आधी की नंतर या वादाबद्दल बोललो. लोक हसले, मला नारळ मिळाले. एका शनिवारबद्दल मात्र तिन्ही ठिकाणी मी गप्प राहिलो. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की अख्ख्या महिन्यात लिहिण्यासारखा दिवस तेवढाच होता.

आधी कबुली देऊन टाकतो. 'कपिले, सांग तिला' ही माझी एकांकिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. एका घरात राहणाऱ्या आणि अकरा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन जावा गोठ्यातल्या गाईमार्फत बोलतात. "कपिले, सांग त्या बाईला, आभाळ आलंय, वाळवण उचल म्हणावं." शेवटी गाय मरते आणि तिच्या अंगावर हात ठेवून दोघी गळ्यात गळा घालून रडतात. या एकांकिकेनं मला स्पर्धेत बक्षीस मिळवून दिलं. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा साधा सर होतो, तो नाटककार सर झालो.

ती माझी नाही. मँचेस्टरला डॉक्टर असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं, मालूनं, पूर्वी एक पातळ पुस्तक पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी: 'आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनं लिहिलंय. आयरिश आहे. मला वाचायला वेळ नाही, तुला आवडेल.' मला फारच आवडलं. त्यातल्या तिसऱ्या कथेत आयर्लंडमधल्या दोन सख्ख्या बहिणी होत्या आणि एक गाढव होतं. मी बहिणींच्या जावा केल्या, गाढवाची गाय केली आणि सगळ्यांना उचलून कोकणात नेऊन ठेवलं. त्या काळी आमच्याकडे हे सर्रास चाले. सज्जन लेखक पहिल्या पानावर बारीक अक्षरात 'मूळ कल्पना परकीय' एवढं तरी छापत. मी तेवढंही छापलं नाही. परदेशातल्या एका नर्सचं बारक्या छापखान्यातलं पुस्तक, आपल्याला कोण विचारतंय, असा माझा हिशोब होता.

हाउन्सलो

पहिल्या दोन रात्री लंडनच्या या उपनगरात कॉलेजमित्र वसंताकडे काढल्या. तो विमानतळावर मालाच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याच्या घरावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं आणि कपाटातल्या बशा वाजतात. घरातली माणसं विमान आलं की वाक्य अर्ध्यात थांबवतात आणि गेलं की तिथूनच पुढे सुरू करतात. मी तोंड उघडून तसाच थांबलेला पाहून वसंताची बायको म्हणाली, "दोन दिवसांत शिकलात की भावजी!" तिच्या हातचं पिठलं खाऊन मी मँचेस्टरच्या बसमध्ये बसलो. तोपर्यंत माझ्याइतका सुखी प्रवासी त्या देशात दुसरा नसेल.

मँचेस्टर, मंगळवार

मालूच्या दारात पाऊल टाकलं आणि तिच्या मुलीनं, रोहिणीनं, मला मिठीच मारली. सतरा वर्षांची पोर, जन्म तिथलाच.

"मामा, तुझा प्ले मी सगळा वाचली! मम्मीनं हेल्प केली. मी त्याचा इंग्लिश ट्रान्सलेशन करते आहे. माझा टीचर म्हणाली, इट्स ब्रिलियंट."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "शाब्बास." छाती जरा फुगलीच होती. ती चहा होईपर्यंत टिकली.

"दादा, तुझ्यासाठी सरप्राइज आहे," मालू म्हणाली. "शनिवारी आपलं मराठी मंडळ तुझी एकांकिका करतंय. स्कूलचा हॉल बुक केलाय. आणि चीफ गेस्ट कोण माहितीये? ब्रिजिड. तुला पुस्तक पाठवलं होतं ना, ती. आम्ही इकडे आलो तेव्हा कोणी खोली देईना. फोनवर हो म्हणायचे आणि दारात तोंड बघून नाही. तिनं चार महिने स्वतःच्या घरात ठेवलं आम्हाला. तिच्या किचनमध्ये मी फोडणी करायचे आणि ती खिडक्या उघडून बसायची, पण एका शब्दानं कधी बोलली नाही. म्हटलं, आपल्याकडे एकच रायटर आहे, तो तिला दाखवूया."

मी म्हटलं, "अगं, त्यांना मराठी कळणार नाही. कंटाळतील बिचाऱ्या."

"मी बसणार ना शेजारी," रोहिणी म्हणाली. "सगळं तिच्या कानात सांगेन. एव्हरी लाइन."

बुधवार

दुसऱ्या दिवशी मालूनं मला बसमध्ये बसवून ब्रिजिड टॅलन यांच्याकडे चहाला धाडलं. बरोबर रोहिणी. लाल विटांच्या चाळीसारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी एक घर. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, निवृत्त झाल्या तरी पाठ वॉर्डात फिरल्यासारखी ताठ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मालूचा भाऊ! या. पाव गरम आहे."

तो पाव त्यांनी स्वतः सोडा घालून भाजलेला होता. जाड, तपकिरी, वर पिठाचा थर. लोणी लावून खाल्ला तर चवीला थेट आपल्या भाकरीच्या घराण्यातला. मी तीन तुकडे खाल्ले. हे सांगायचं कारण असं, की अपराधी माणसाची भूक मेलेली असते म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही.

मग त्यांनी मला पुस्तकं दाखवली. भिंतभर फळ्या, आणि सगळे लेखक आयरिश. अगदी खाली मठांत पोथ्या उतरवून काढणाऱ्या साधूंच्या कविता. पोथी लिहिता लिहिता कंटाळा आला की समासात थंडीबद्दल आणि पक्ष्यांबद्दल चार ओळी खरडणारे ते साधू मला फार आपले वाटले. त्यांच्यावर राजकारण्यांची साल काढणारे विडंबनकार, मग पडक्या हवेल्यांच्या भुताटकीच्या गोष्टी, मग नाटकंच नाटकं, मग खुनांच्या रहस्यकथा, मुलांची पुस्तकं, आणि सर्वांत वर बायकांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या. "यांतल्या निम्म्यांना लिहिण्यासाठी घर सोडावं लागलं," बाई म्हणाल्या, "आणि उरलेल्या निम्म्यांना घर सोडता आलं नाही म्हणून लिहावं लागलं." प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं एक नाव होतं. मी विचारलं, हे कोण?

"ज्यानं मला ते वाचायला सांगितलं तो. मला आपोआप काहीच सापडलेलं नाही."

वरच्या फळीच्या टोकाला ते पातळ हिरवं पुस्तक होतं. मी ते ओळखलं. माझ्याकडच्या प्रतीला मी तपकिरी कव्हर घालून कपाटात मागे सारलेलं आहे.

"मालूनं तुम्हाला पाठवलं होतं म्हणे. मिळालं का?"

मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही हो. वाटेत कुठेतरी गहाळ झालं असावं."

तीस वर्षं पोरांना सत्याचे निबंध घातलेला मी! रोहिणी शेजारीच उभी होती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि फळीवरची प्रत काढून माझ्या हातात दिली. "मग ही घ्या. माझी शेवटची आहे, पण लेखकाकडे जाते आहे." ती नको म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून ते पुस्तक मी मांडीवर पालथं धरलं होतं.

गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी, तिथल्या उन्हाळ्यात म्हणजे लख्ख उजेडात, बाई आम्हाला त्यांच्या लेखनमंडळात घेऊन गेल्या. आयरिश क्लबच्या वरची खोली, दहाबारा माणसं, खालून बिअरचा वास. एक निवृत्त बसड्रायव्हर अमेरिकेतल्या काउबॉयच्या कादंबऱ्या लिहितात, आणि अमेरिका त्यांनी पाहिलेली नाही. एक ख्रिस्ती जोगीण आहेत, त्या खुनाच्या गोष्टी लिहितात. त्यांच्या चेहऱ्यावरची शांती पाहून मला धडकी भरली.

तिथे एक रीत आहे. कुणी गोष्ट सांगितली, की संपल्यावर बाकीचे विचारतात, "कुणाकडून?" मग सांगणारा वंशावळ सांगतो. ही मी माझ्या आत्याकडून ऐकली, तिनं शेजारच्या शिंप्याकडून, त्यानं जत्रेतल्या एका आंधळ्याकडून. स्वतः रचलेली असली तरी कुठे काय कानावर पडलं ते सांगायचं. बसड्रायव्हर म्हणाले, "ही मला चाळीस वर्षांपूर्वी बस चुकलेल्या एका बाईनं दिली. नाव विचारायचं राहिलं, ते मला अजून लागतं."

मलाही गोष्ट सांगायचा आग्रह झाला. मी आमच्या आईची, विहिरीत पडलेल्या घागरीची गोष्ट सांगितली. "कुणाकडून?" सगळे म्हणाले. "आईकडून," मी म्हणालो, "आणि तिनं तिच्या मावशीकडून." लोकांनी टेबलावर हात थापटले. इतकं सोपं होतं ते. इतकं गोड होतं.

तेवढ्यात रोहिणी उभी राहून अभिमानानं म्हणाली, की शनिवारी जे नाटक आहे ते तर अंकलचं पूर्ण स्वतःचं आहे.

"आणि ते कुणाकडून?" ब्रिजिडबाईंनी हसत विचारलं.

संधी ताटात वाढून आली होती. मी म्हणालो, "कुणाकडून नाही. असंच सुचलं."

शुक्रवार

शुक्रवारचा दिवस मी पळवाटा शोधण्यात घालवला. सकाळी मंडळाचे सेक्रेटरी देशमुख यांना फोन केला. ते हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर आहेत. म्हटलं, ही एकांकिका जुनी झाली, त्यापेक्षा मी कथाकथन करतो.

"अहो सर, काय बोलताय! दोन महिने रिहर्सल चाललीये. गाईचं मुंडकं बर्मिंगहॅमहून आणलंय!"

दुपारी मालूला म्हटलं, माझं पोट बिघडलंय. घरात दोन डॉक्टर. मालूनं जीभ बघितली, तिच्या नवऱ्यानं, शरदरावांनी, पोट दाबलं आणि दोघांनी एकमतानं मला ठणठणीत ठरवलं. संध्याकाळी मी ते हिरवं पुस्तक उघडलं. तिसरी कथा वाचली. अकरा वर्षांनी वाचत होतो. मी विसरलोच होतो, की मूळ गोष्टीत गाढव मेल्यावर त्या बहिणी बोलत नाहीत. दोघी मिळून खड्डा खणतात, गाढवाला पुरतात, हात धुतात आणि आपापल्या खोलीत जातात. बोलायला मधलं कुणी उरलेलं नसतं. कथा तिथे संपते. तो शेवट आपल्या प्रेक्षकांना पचणार नाही म्हणून मी बदलला होता, आणि तेवढ्या जोरावर सगळंच माझं आहे असं स्वतःला पटवलं होतं. वाचून झाल्यावर मला माझीच किळस आली.

शनिवार

शाळेच्या हॉलमध्ये दीडएकशे माणसं. बायका पैठण्यांवर कार्डिगन घालून, पुरुष सुटात, पोरं बास्केटबॉलच्या रेघांवर धावताहेत. मागच्या बाजूला बटाटेवड्यांचे डबे. पहिल्या रांगेत मधोमध ब्रिजिडबाई, त्यांच्या कपाळाला मालूनं टिकली लावलेली. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला मी.

पडदा उघडला. थोरली जाऊ अंगणात आली आणि म्हणाली, "कपिले, सांग त्या बाईला, आभाळ आलंय."

रोहिणी कानात कुजबुजली. बाई हसल्या. दुसरं वाक्य. तिसरं. मी समोर बघत होतो, पण माझं सगळं लक्ष डाव्या बाजूला. चौथ्या की पाचव्या वाक्याला बाईंच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले गेले. रोहिणी सांगत राहिली. जरा वेळानं बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. पुढचं काही त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण तिथली जमीन पॉलिश केलेल्या लाकडाची होती.

शेवटी गाय मेली, जावा रडल्या, हॉल रडला. मला स्टेजवर बोलावून शाल पांघरली. देशमुखांनी माझ्या प्रतिभेबद्दल पाच मिनिटं भाषण केलं. मी "आभारी आहे" म्हणून खाली उतरलो.

ब्रिजिडबाई खुर्चीतच होत्या. डोळे लाल. मी समोर उभा राहिलो.

"त्या माझी आई आणि मावशी होत्या," त्या हळू म्हणाल्या. "खऱ्या. मावशी वारली तेव्हाही आई तिच्याशी बोललेली नव्हती. आज मी आईला बोलताना पाहिलं. भाषा कळली नाही, पण पाहिलं." मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणाकडून मिळालं?"

आवाजात राग नव्हता. आदल्या दिवशीपर्यंत लागेल ते खोटं माझ्या जिभेवर तयार असे. आता जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मला इंग्रजीचा एक शब्द आठवेना. मी रोहिणीकडे वळून मराठीत म्हणालो, "सांग त्यांना. हे माझं नाही. त्यांच्या पुस्तकातून घेतलंय. पुस्तक मला मिळालं होतं."

रोहिणीचा चेहरा बघवेना.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मामा, तुला इंग्लिश येतो. तू सांग."

मी सांगितलं. तुटक, चुकतमाकत, शाळेतल्या पोरासारखं. बाईंनी ऐकून घेतलं.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मला ते तुमच्या तोंडून हवं होतं. आता या लोकांनाही सांगा."

मी माईककडे गेलो. माणसं वड्यांच्या दिशेनं सरकत होती. मी 'एक मिनिट' म्हणून थांबवलं. मनात वाक्य तयार होतं, साधं आणि सरळ. पण समोर एवढी कौतुकाची हसरी तोंडं पाहिली आणि माझ्यातला जुना सर जागा झाला. मी म्हणालो, "एक नम्रपणे नमूद करू इच्छितो, की ही एकांकिका श्रीमती ब्रिजिड टॅलन यांच्या एका कथेवर आधारित आहे. मी केवळ निमित्तमात्र."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती विनय!" पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. देशमुख धावत आले. "सर, आधारित असलं म्हणून काय झालं? मातीचा वास तर तुमचाच ना!" आणखी एक पुष्पगुच्छ कुठूनसा आला आणि त्यांनी तो ब्रिजिडबाईंना दिला. लोक पुन्हा वड्यांकडे वळले. शरदरावांनी पाठीवर थाप मारली. मालू मात्र खुर्च्यांमध्ये उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला आता सगळं उलगडत चाललं होतं. ते पुस्तक, ती चिठ्ठी, ज्या बाईनं छप्पर दिलं तिच्याच घरातली ही गोष्ट. तिनं मान फिरवली.

बाईंनी रोहिणीला विचारलं, "काय म्हणाले ते?"

"बेस्ड ऑन युवर स्टोरी," रोहिणी म्हणाली.

"असं. आणि म्हणून टाळ्या?"

रोहिणी माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला माझ्यापासून लपवायचं नव्हतं.

"मामा, तिला तू खरं सांगितला. त्यांना नाही सांगितला. 'स्टोल'ला मराठीत काय म्हणतात?"

"चोरलं," मी म्हणालो.

"मग ते बोल."

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा स्टेजवर चढलो. माईक तोवर बंद करून तारा गुंडाळून झाल्या होत्या. वड्यांची रांग दारापर्यंत गेली होती, पोरं पुन्हा धावायला लागली होती. मी वर्गात शेवटच्या बाकासाठी काढायचो तो आवाज काढला. म्हणालो, "मघाशी मी अर्धं बोललो. मंडळी, हे नाटक मी चोरलं. या बाईंचं पुस्तक माझ्या बहिणीनं मला प्रेमानं पाठवलं होतं. मी त्यातली गोष्ट घेतली, त्यांचं नाव पुसलं, माझं घातलं आणि अकरा वर्षं बक्षिसं घेतली. बुधवारी त्यांच्याच घरी त्यांचाच पाव खाऊन पुस्तक मिळालं नाही म्हणून सांगितलं."

रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ते ऐकू गेलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.